पुढं वाट नाय

उरण नाक्यावरच्या सिग्नलजवळ वाढदिवसाचे फलक वर्षभर लागत असतात. एकाचा उतरला की दुसऱ्याचा चढतो, आणि पनवेलकर त्यांच्याकडे फार तर वाहतूक खोळंबली असताना पाहतात. काही वर्षांपूर्वी तेथे लागलेला प्रणित भोईर यांचा फलक मात्र किशोरी घरत हिने रिक्षा बाजूला घ्यायला लावून पाहिला होता. फलकाच्या कडेने शुभेच्छुकांचे चेहरे ओळीने मांडलेले होते. मधोमध एक छायाचित्र होते: चार तरुण एक व्हीलचेअर खांद्यापर्यंत उचलून पायऱ्या चढत आहेत आणि पाचवा माणूस, म्हणजे स्वतः प्रणितशेठ, खुर्चीच्या पाठीला नावापुरता हात लावून कॅमेऱ्याकडे पाहतो आहे. खुर्चीत किशोरी होती. तिची साडी एका बाजूने गुडघ्याच्या वर सरकलेली होती, हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरलेले होते आणि चेहऱ्यावर पडण्याची भीती होती, जी दुरून पाहणाऱ्याला कृतज्ञता वाटावी. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘दिव्यांगांचा आधारवड’.

किशोरी कोन गावची. घर आगरी, शेतीचे. द्रुतगती मार्गाच्या कडेला उरलेल्या जमिनीवर आता वडिलांचे गाळे आहेत. पनवेलच्या महाविद्यालयातून संगणकाची पदवी घेऊन ती बेलापूरच्या एका कंपनीत मोबाइलच्या पडद्यांची आखणी करीत असे: कोणते बटण कोठे असावे, बोट आधी कोठे जाईल, माणूस कोठे गोंधळेल. पळस्पे फाट्यावर एका ट्रेलरने तिच्या स्कूटरला धक्का दिला त्याला आता दहा वर्षे होत आली. कमरेखालचे बळ गेले. नोकरी राहिली, स्वभाव राहिला आणि गावात त्या स्वभावाविषयी जे बोलले जाई तेही राहिले. लहानपणी शाळेत एका मुलीने तिची वेणी ओढली तेव्हा किशोरीने पूर्ण सत्र वाट पाहून, स्नेहसंमेलनात त्या मुलीचे गाणे सुरू झाल्यावर, ध्वनिक्षेपकाची तार उपसली होती. हा प्रसंग तिची आई हसत सांगते. किशोरी तो सांगते तेव्हा हसत नाही.

फलकावरचे छायाचित्र तिच्या धाकट्या भावाच्या, बळीरामच्या, लग्नातले होते. लग्न प्रणितशेठच्या नव्या कार्यालयात लागले. गाढी नदीचे पाणी पूर्वी एकदा त्या बाजूला शिरले होते म्हणून कार्यालयाचे जोते पुरुषभर उंच घेतलेले होते, आणि समोर संगमरवरी पायऱ्यांचा रुंद जिना होता. कार्यालयाला प्रणितशेठने आपल्या आईचे नाव दिले होते: गोदामाई सभागृह. आई हयात होती, आणि पंचक्रोशीला ती गोदूआय म्हणून ठाऊक होती. ती धवळारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवळे गाणारी ही बाई नसेल तर जुनी माणसे लग्न लागले असे मनापासून मानत नाहीत. कोनपासून बेलपाड्यापर्यंत कितीतरी घरांचे मांडव गोदूआयच्या गळ्याने पावन झाले होते.

लग्नाआधी किशोरीने प्रणितशेठला फोन करून जिन्याच्या बाजूने एखादा तात्पुरता उतार करून मिळेल का, असे विचारले होते. नाहीतर आपल्याला वर यायला वाट नाही, असेही तिने सांगितले. प्रणितशेठला ते शब्द लागले. “वाट नाय कशी?” तो म्हणाला. “आमी हाय ना उचलायला.” यात त्याला काही खोट दिसत नव्हती. सभागृहाच्या माहितीपत्रकात वातानुकूलन, जनरेटर आणि गाड्यांची जागा यांच्या खालोखाल ‘वृद्ध व दिव्यांगांसाठी मुले उपलब्ध’ अशी ओळ त्याने अभिमानाने छापून घेतली होती. रस्ता नसेल तेथे माणसे उभी केली की रस्ता झाला, ही समजूत त्याच्या एकट्याची नव्हती. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या होड्या, मिठाच्या गोणी आणि म्हातारी माणसे खांद्यावरून वाहिली त्या सगळ्यांचीच ती होती.

लग्नाच्या दिवशी किशोरीने उचलू नका असे स्पष्ट सांगितले. मुहूर्त जवळ आला होता, नातेवाईक वरून हाका मारत होते, आणि तिच्या नकाराला कोणी संकोच समजले, कोणी भिडस्तपणा. मुलांनी खुर्ची उचलली. वर मांडवात धवळा म्हणत असलेल्या गोदूआयने दारातून हे पाहिले, ओळ अर्ध्यावर टाकली, पुढे आली आणि आपल्या खांद्यावरची शाल काढून किशोरीच्या गुडघ्यांवर पसरली. छायाचित्रकाराने बटण त्याच्या क्षणभर आधी दाबले होते.

फलक पाहिल्यावर किशोरी बळीरामला घेऊन प्रणितशेठच्या कचेरीवर गेली. कचेरीलाही पायऱ्या होत्या, म्हणून तो खाली रस्त्यावर आला. ती आभार मानायला आली आहे असा त्याचा समज झाला आणि त्याने समोरच्या दुकानातून सरबत मागवले. फलक उतरवा, असे तिने सांगितले तेव्हा तो खरोखर गोंधळला. त्यात तुझीच तर शोभा आहे, असे काहीसे बोलला. तेव्हा तिने दुसरी मागणी केली. फलक राहू द्या. मात्र सभागृहाच्या दारावर आणि माहितीपत्रकात, व्हीलचेअरने वर यायला वाट नाही, असे लिहा. म्हणजे माणूस घरून निघतानाच ठरवील.

प्रणितशेठ हसला. “माझ्या आयच्या नावाचा हॉल,” तो म्हणाला, “आणि त्याला वाट नाय, असं मी माझ्या तोंडानं बोलू?”

घरी परतताना बळीरामने तिला समजावण्याचा प्रयत्न केला. माणूस वाईट नाही, त्याला कळत नाही एवढेच. किशोरीला काय हवे ते त्या हसण्याबरोबर ठरून गेले होते. क्षमा नको होती, भरपाई नको होती. वर यायला वाट नाही हे वाक्य प्रणित भोईर याने स्वतःच्या तोंडाने, त्याच सभागृहात, लोकांदेखत म्हणायला हवे होते. पुढे जे घडले ते या एका वाक्यासाठी घडले, आणि थेट विचारणाऱ्या कोणापासून तिने ते लपवले नाही.

फलक महिन्याभराने आपोआप उतरला. त्याच सुमारास किशोरी ‘समतल’ या अॅपच्या कामात सामील झाली. पायऱ्या टाळून चालण्याच्या किंवा खुर्चीने जाण्याच्या वाटा दाखवणारे हे अॅप पनवेलमधला एक लहानसा गट बनवत होता. गटाचा प्रमुख अथर्व हा मूळचा पुण्याचा, नव्या पनवेलमध्ये स्थायिक झालेला, सौम्य आणि चिकाटीचा तरुण होता. त्याच्याकडे नकाशे होते. त्या नकाशांवर चाक कोठे अडते हे किशोरीला ठाऊक होते. खुर्चीच्या हाताशी मोबाइल बांधून ती गल्लोगल्ली हिंडू लागली; मोबाइल चढ मोजत असे आणि धक्के नोंदवत असे. लाईन आळीतला रस्ता प्रत्येक डांबरीकरणात वर येतो, मग पावसाचे पाणी दुकानात शिरते, मग दुकानदार ओट्यावर आणखी एक लादी चढवतो, आणि जेथे गेल्या वर्षी खुर्ची शिरत होती तेथे यंदा शिरत नाही. दुचाक्या चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी रोवलेले लोखंडी खांब दुचाक्यांना आत सोडतात आणि व्हीलचेअरला बाहेर ठेवतात. वडाळे तलावाच्या काठची वाट सरळ आहे, पण तिच्यावर जायला एक उंच कड ओलांडावी लागते. हे सारे नकाशात आले.

अशा अॅपमध्ये वाट कशी निवडली जाते ते थोडक्यात सांगायला हवे, कारण पुढचा वाद त्यावरूनच झाला. सगळ्या वाटांचे लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला त्याच्या त्रासाएवढा भार देतात. सपाट फुटपाथचा भार कमी, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकचा जास्त, तीव्र चढाचा त्याहून जास्त. मग यंत्र कमीत कमी भाराची वाट शोधते. पायऱ्या असतील तो तुकडा बंद. मूळ आराखड्यात हिरव्या आणि लाल रंगांच्या मध्ये एक पिवळा रंग होता: ‘मदतीने शक्य’. पायऱ्या आहेत, पण उचलायला माणसे आहेत, अशा जागा त्यात पडणार होत्या. गोदामाई सभागृह त्यातच पडणार होते.

किशोरीने पिवळा रंग काढून टाकण्याची मागणी केली. अथर्वला ती मान्य नव्हती. निधी देणाऱ्यांना नकाशावर पोहोचता येण्याजोग्या जागा जास्तीत जास्त दिसायला हव्या होत्या, आणि त्याचे स्वतःचेही मत असे होते की सगळा लाल नकाशा उघडून कोणाला धीर येणार. शिवाय ज्यांना उचलून घ्यायला हरकत नाही त्यांनी काय करावे? प्रश्न रास्त होता. किशोरीचे उत्तर तांत्रिक होते आणि बिनतोड होते. पिवळ्या तुकड्याला कितीही मोठा भार दिला तरी तो आकडाच राहतो. दुसरी वाट पुरेशी लांब असली की यंत्र एके दिवशी कोणाला तरी त्या जिन्याच्या पायथ्याशी आणून सोडील, आणि तेथे मुले असतील की नाही हे यंत्राला ठाऊक नसेल. असली तर तो माणूस नाही म्हणू शकेल की नाही, हेही नसेल.

अथर्वने बळीरामकडून फलकाची हकिगत ऐकली होती. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने विचारले, “हे डिझाइन आहे की सूड?”

“दोन्ही,” किशोरी म्हणाली. “माझं गणित कुठं चुकलं ते सांग, मी रंग परत घालते.”

गणित चुकलेले नव्हते. पिवळा रंग गेला.

त्याच बैठकीत तिने आणखी दोन नियम मंजूर करून घेतले. प्रत्येक जागेच्या नोंदीत तिच्या प्रवेशद्वाराचे छायाचित्र असावे आणि प्रवेश बदलला की तेही बदलावे, हा पहिला. जुने छायाचित्र पुसू नये; ‘मागील स्थिती’ म्हणून ते नोंदीखाली कोणालाही पाहता यावे, हा दुसरा. दुरुस्ती झालेली वाट पुन्हा बिघडते, म्हणून आधी काय होते ते दिसत राहणे सुरक्षिततेचे आहे, असे कारण तिने दिले. ते कारणही खरेच होते. तिच्या कामाचे विश्लेषण करताना हीच अडचण येते: उपयोग आणि राग यांतली शिवण कोठे सापडत नाही.

वाट दाखवणाऱ्या आवाजाची कल्पनाही तिचीच. प्रमाण मराठीतला आवाज तयार होता, पण कोन-बेलपाड्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तो बातम्या देणाऱ्या बाईसारखा परका वाटे. गावच्या बोलीत दुसरा आवाज ठेवावा, आणि तो गोदूआयचा असावा, असे किशोरीने सुचवले. गटाला आनंद झाला. गोदूआय कोणाची आई हे अथर्वला ठाऊक नव्हते, आणि किशोरीने ते सांगितले नाही.

ध्वनिमुद्रण गोदूआयच्या ओसरीत झाले. ‘डावीकडं वला’, ‘सांभालून, पुढं चढाव हाय’, ‘पुढं वाट नाय’ अशी वाक्ये ती एकेक करून, धवळ्याच्या ठेक्याने, शेवटचे अक्षर जरा लांबवून म्हणत गेली. एक वाक्य अथर्वला पुन्हा हवे होते. तिने नकार दिला. “मांडवात एकदा बोल्लेली ओल मी मागं घेत नाय,” ती म्हणाली. “नसंल आवडली तर दुसरी बाई बघा.” ती थट्टा नव्हती. धवळ्याची ओळ चुकली तरी ती उलटून म्हणत नाहीत. मांडवात उच्चारलेला शब्द मागे घेणे अशुभ, हा तिचा नेम होता आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्या बायका तो पाळत. अथर्वने पहिलेच वाक्य ठेवले. किशोरी ऐकत होती.

अॅप सुरू झाले. महिन्याभरात गावातल्या पोरांना त्यातली गंमत सापडली. सभागृहाच्या जिन्यासमोर उभे राहून मोबाइल काढायचा, वर जाण्याची वाट विचारायची, की हाताहातांतून प्रणितशेठच्या आईचा आवाज येई, ‘पुढं वाट नाय’. समोरच्या वडापावच्या गाडीवर ते बोधवाक्यच झाले. कोणी उधारी मागितली की गाडीवाला गोदूआयच्या सुरात तेच म्हणे.

प्रणितशेठ किशोरीच्या घरी आला. बाय अशी हाक मारून त्याने सुरुवात केली, चहा घेतला, बळीरामच्या मुलाचे कौतुक केले. मग लाल रंग जरा सौम्य करता येईल का, असे विचारले. मुले आहेतच की. वाटल्यास त्यांची संख्या वाढवतो. रंग यंत्र ठरवते, आणि यंत्राला मुले दिसत नाहीत, असे किशोरीने सांगितले. तेव्हा त्याने निदान आवाज तरी काढ म्हणून विनवले.

“आवाज तुमच्या आईचा आहे,” ती म्हणाली. “त्यांनी सांगावं, लगेच काढते.”

तो उठला. आईला सांगायचे म्हणजे कारण सांगावे लागणार होते. तुझ्या नावाच्या दारात तुझाच आवाज काय म्हणतो, ते तिला आपल्या तोंडाने ऐकवावे लागणार होते. पायऱ्यांच्या बाजूने एक रॅम्प बांधला असता तर हा पेच सुटला असता, आणि किशोरीने त्याला चढ किती असावा हेही सांगितले. पण बांधायचा म्हणजे वाट नव्हती हे कबूल करायचे. त्याने विषय बदलला.

पुढच्या वर्षी गोदूआय मोरीत घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण चालणे परतले नाही. आवाज जसा होता तसाच राहिला. घरात व्हीलचेअर आली, आणि प्रणितशेठची मुलगी दिपिका आजीला आळीतून फिरवताना ‘समतल’ वापरू लागली. आजीला आपलाच आवाज वाट दाखवतो याची मौज वाटे. वळण चुकले की ती आवाजाची बाजू घेऊन नातीला दटावत असे.

दिपिकाचे लग्न ठरले. ते गोदामाई सभागृहात लागणार आणि धवळा गोदूआय म्हणणार, याविषयी कोणाला शंका नव्हती. लग्नाच्या आदल्या आठवड्यात सजावट दाखवायला तिला तेथे नेले. प्रणितशेठने तयारी केली होती: खुर्चीवर झालर, चौघे तगडे मुलगे एकसारख्या सदऱ्यांत, आणि त्या बळीरामच्या लग्नातला तोच छायाचित्रकार. दिपिकाच्या हातात सवयीने अॅप चालू होते. जिन्यापाशी चाके थांबली आणि मोबाइल बोलला, ‘पुढं वाट नाय’.

कोणी हसले नाही. गोदूआयने ते पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा ऐकले. मग वर, आपल्या नावाच्या अक्षरांकडे, पाहिले. मुलगे खुर्चीला हात घालायला वाकले तेव्हा तिने हाताने त्यांना अडवले.

“चौघांनी उचलायचा येल माजा आजून आला नाय,” ती म्हणाली. “तो आला की मी काय बोलनार नाय. तवा उचला.”

लग्नघरात तिरडीची आठवण निघाल्यावर पुढे बोलण्यासारखे काही राहत नाही. मुलगे मागे सरले. दिपिकाने खुर्ची वळवली.

नंतरच्या दिवसांत प्रणितशेठने बरेच उपाय केले. मांडववाल्याने जाड फळ्या टाकून पाहिल्या, पण एवढ्या उंचीला त्या जागेत फळ्या फारच तिरक्या बसत. रिकामी खुर्ची अर्ध्यावर उलटली. दुसऱ्या धवळारणींकडे माणसे गेली. त्या सगळ्या गोदूआयच्याच शिष्या होत्या, आणि ती खाली बसलेली असता वर जाऊन कोण गाणार, हे एकीलाही वेगळे सांगावे लागले नाही.

गोदूआयने किशोरीला बोलावून घेतले. ओसरीत दोन्ही खुर्च्या समोरासमोर लागल्या. म्हातारीने इकडचे तिकडचे काही विचारले नाही.

“माजा आवाज तू मुद्दाम घेतलास ना, बाय?”

किशोरीने होय म्हटले. फलकासाठी, असेही म्हटले. सांगण्यात किशोरीचा आवाज हलला नाही; मात्र तिने नजर खाली घेतली होती, कारण ही एकच व्यक्ती त्या दिवशी तिच्या गुडघ्यांवर शाल घालायला धावली होती, आणि हत्यार म्हणून तिने नेमकी तिलाच निवडली होती.

गोदूआयने विचारले, तुला त्याच्याकडून काय पाहिजे? किशोरीने ते वाक्य सांगितले. म्हातारीने ते मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिल्यासारखे ओठ हलवले.

“पोर माजा हाय,” ती म्हणाली. “पन मना न इचारता त्यानं माजा नाव त्या जिन्यावर टांगला. आता केलंस तर नीट कर. अर्धी ओल मना पन आवडत नाय.”

लग्नाच्या दिवशी पाहुणे वर वातानुकूलनात बसले होते. नवरदेव वर, भटजी वर, फुलांचा मंडप वर. दिपिका मात्र नटलेली, मुंडावळ्या बांधलेली, खाली गाड्यांच्या जागेत आजीच्या खुर्चीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसली आणि आजी गाईल तेथेच आपण उभी राहू, असे तिने बापाला सांगितले. आजीच्या दुसऱ्या बाजूला किशोरी होती. निमंत्रण दिपिकानेच दिले होते. मुहूर्त जवळ येत चालला. अखेर प्रणितशेठने वर ध्वनिक्षेपक हातात घेतला. बाहेरच्या कर्ण्यांतून त्याचा आवाज आवारभर आला.

काही तांत्रिक कारणामुळे लग्नविधी खाली होईल, सर्वांनी सहकार्य करावे, असे तो म्हणाला. माणसे उठली, थोडी खाली उतरू लागली. गोदूआयने तोंड उघडले नाही. हाताखालच्या बायका तिच्याकडे पाहत होत्या आणि ती समोरच्या दुचाक्यांच्या रांगेकडे पाहत होती.

थोड्या वेळाने कर्णे पुन्हा बोलले. आईच्या प्रकृतीमुळे तिला वर येता येत नाही, म्हणून ही व्यवस्था. गोदूआयने मान हलवली. ती दिपिकाला काही पुटपुटली आणि दिपिका शालू सावरत जिना चढून वर गेली. तिने बापाला काय सांगितले ते नंतर तिनेच सांगितले: आजी म्हणते, माझ्या तब्येतीला नावं ठेवू नको, मी चाकांवर पार दारापर्यंत आले, काय नाही ते सांग.

दिपिका खाली परतली. प्रणितशेठ बाहेर जिन्याच्या माथ्यावर आला होता. निम्मे पाहुणे पायऱ्यांवर थांबले होते, कारण भटजी घाईने पोथी आवरत मध्येच उभे होते. पाठीमागे उघड्या दारातून रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि फुलांचा मंडप दिसत होता, आणि डोक्यावर त्याच्या आईचे नाव होते. तो खाली पाहत होता. किशोरीला पाहून त्याला सगळे कळले असावे. कर्ण्यात त्याचा श्वास आधी ऐकू आला.

“मंडळी,” तो म्हणाला, “या हॉलला वर यायला वाट नाय.”

किशोरीने मोबाइल वर धरला आणि छायाचित्र घेतले. त्याच क्षणी शेजारी धवळा सुरू झाला. बायकांनी सूर धरला, पाहुणे भराभर उतरले, केटररची माणसे मंडपाची फुले हाती लागतील तशी खाली आणू लागली, आणि गाड्यांच्या मधल्या जागेत लग्न लागले. गोदूआय शेवटपर्यंत गायली. सुनेच्या आणि नातीच्या डोळ्यांत पाणी होते, तिच्या नव्हते. जाताना तिने किशोरीच्या गुडघ्यांवर हात ठेवला आणि काढून घेतला.

त्या रात्रीपासून ‘समतल’मध्ये गोदामाई सभागृहाच्या नोंदीवर ते छायाचित्र दिसू लागले: रुंद संगमरवरी जिना, उतरणारे पाहुणे, आणि वरती एकटा, हातात ध्वनिक्षेपक धरून उभा असलेला मालक. नियमाप्रमाणे त्यात प्रवेशद्वार स्पष्ट दिसत होते. त्याची परवानगी तिने विचारली नाही. अथर्वने एवढेच सुचवले की माणसाचा चेहरा पुसट करावा; इतर नोंदींत आपण तसे करतो. किशोरीने चेहरा पुसट केला. ओळखू येण्यासाठी तेथे कोणाला चेहऱ्याची गरज नव्हती.

रॅम्प पुढच्या पावसाळ्याआधी झाला. जिन्याच्या उजव्या अंगाने, मध्ये विसाव्याची जागा सोडून, कठडा लावून, एकदा वळवून तो दारापर्यंत नेला होता. प्रणितशेठने किशोरीला निरोप पाठवला; स्वतः समोर आला नाही. ती गेली, मोबाइल खुर्चीच्या हाताशी बांधला आणि मोजले. पहिल्या टप्प्याचा चढ जास्त निघाला. तिने लाल रंग ठेवला आणि कारण लिहिले. तो तोडून पुन्हा बांधला गेला. पुन्हा मोजले, चढ बरोबर होता, पण पायथ्याशी शोभेच्या कुंड्या होत्या. लाल रंग राहिला. कुंड्या हलल्या. तिसऱ्या खेपेस, कोणाचा हात न लागता, ती वर गेली. सभागृहात कोणी नव्हते. बळीरामच्या लग्नात ती ज्या उंबऱ्यावर उतरवली गेली होती तेथे तिने चाके थांबवली, पाठ फिरवली आणि उताराने खाली आली.

नोंद हिरवी झाली. छायाचित्र नियमाप्रमाणे बदलले: नवा रॅम्प, कठडा, वर सोनेरी अक्षरे. आता तेथे मोबाइल काढला की गोदूआयचा आवाज म्हणतो, ‘सांभालून, पुढं चढाव हाय’. प्रणितशेठने एकदा बळीरामला सहज विचारल्यासारखे विचारले की ते जुने चित्र आता गेले ना. बळीरामने ताईला विचारले. तिने त्याला अॅप उघडून दाखवले. हिरव्या नोंदीच्या तळाशी, बोट लावले की उघडणाऱ्या ‘मागील स्थिती’ या ओळीखाली, ते होते.

“आणि हे कधी जातं?” बळीरामने विचारले.

“ते जात नाही,” किशोरी म्हणाली. “तसा नियमच आहे.”